दगडातल्या माशाचं तेल

आमच्या ह्यांच्या पायाला शिंगाळ्याचा काटा लागला तेव्हा माझ्या लग्नाला दोन पावसाळे झाले होते. शिंगाळा म्हणजे मिशावाला मासा. पाठीवर आणि कल्ल्यांपाशी त्याला सुईसारखे काटे असतात, आणि काट्यात विष. जाळ्यातून सोडवताना तो फडफडला आणि काटा ह्यांच्या घोट्याच्या वर घुसला. घरी येऊन ह्यांनी चुना लावला, कढत पाण्यात पाय बुडवला आणि जेवून झोपले. कोळ्याला काटा लागायचा नाही तर काय मामलेदाराला लागायचा? मीसुद्धा ढुंकून बघितलं नाही.

दोन दिवसांनी सकाळी उठून बघते तर ह्यांचे दात वाजतायत. अंगावर दोन गोधड्या, तरी हुडहुडी. गोधडी सरकवली. घोट्यापासून पोटरीपर्यंत पाय लालभडक, तुकतुकीत, शिजवलेल्या खेकड्याच्या पाठीसारखा. हात लावला तर चटका बसला. आणि त्या लालीला कड होती. इथपर्यंत लाल, इथून पुढं चांगली कातडी, अशी स्पष्ट कड. मी चुलीकडं जाऊन पेज ढवळून परत आले, तर कड बोटभर वर सरकलेली.

"धावरं हाय," सासू म्हणाली आणि मटकन खाली बसली.

त्वचेखालून धावतं म्हणून त्याला धावरं म्हणतात. नाव ठेवणाऱ्या माणसाची मला कमाल वाटते. दुसरं काही सुचलं नाही त्याला, बघितलं तेच सांगितलं. आमच्या कोळीवाड्यात धावऱ्यानं गेलेली माणसं सगळ्यांच्या ओळखीची होती. आदल्याच वर्षी शेजारच्या आळीतली एक बाई गेली होती, कानापाशी फोड आला आणि आठवड्याच्या आत तिची तिरडी बांधली. ही गोष्ट दुसऱ्या महायुद्धाच्या कितीतरी आधीची. किहीमच्या अलीकडं, नारळाच्या वाड्यांना लागून आमची वस्ती. पेनिसिलीन सोडाच, सल्फाच्या गोळ्यासुद्धा तेव्हा आमच्याकडं कुणी डोळ्यांनी बघितल्या नव्हत्या. धावरं झालं की देवाचं नाव घ्यायचं आणि कड कुठवर आली ते बघत बसायचं.

माझी सासू म्हणजे नुसती लवंगी मिरची. नवरा वादळात गेला तेव्हा ती तिशीचीही नव्हती. डोक्यावर माशांची पाटी घेऊन तिनं एकट्यानं पोर वाढवलं. एकुलतं एक. माझं आणि तिचं एक दिवस पटलं नाही. मी चौथी पास, आणि तेव्हा कोळीवाड्यात चौथी पास बाई म्हणजे बॅरिस्टरच, त्यामुळं मलाही जीभ होतीच. पण त्या सकाळी ती मटकन बसली तशी मी तिला कधी बसलेली पाहिली नव्हती. तिला भ्यालेलं बघून मी जास्त भ्याले.

मग ती उठली, विहिरीवर जाऊन डोक्यावरून पाणी ओतून घेतलं, आणि ओलेत्यानं गावदेवीच्या देवळात गेली. मी मागोमाग. तिनं देवीपुढं नारळ ठेवला आणि चांगलं मोठ्यानं म्हणाली, "आई, माजा पोरगा पायावर उभा ऱ्हाईपत्तोर मासळी माज्या उंबऱ्याच्या आत येणार न्हाय. खायाला न्हाय, इकायला न्हाय, वासालाबी न्हाय. आली तर मग तू हाय आणि तो हाय."

तिचं शेवटचं वाक्य ऐकलं आणि मी मनात म्हणाले, अगं बाई, नवस बोलायचा तर स्वतःवर बोल, पोरावर कशाला? पण बोललेला नवस परत घेता येत नाही. आमच्याकडं अंगावर देवी आल्या, गोवर आला, काही लाल उठलं, की घरात फोडणी द्यायची नाही, मासळी शिजवायची नाही, ही रीत होतीच. सासूनं ती रीत पार टोकाला नेली. कोळ्याच्या घरात मासळी नाही म्हणजे काय हे बाहेरच्याला कळायचं नाही. सुकट, सोडे, वाळलेले बोंबील, सगळं तिनं शेजारी देऊन टाकलं. जाळी झाडाखाली नेऊन ठेवली. पाट्या, कोयता, पाटा-वरवंटासुद्धा राखेनं घासला. भिंतीला वास राहतो म्हणून मला शेणानं भिंती सारवायला लावल्या. आम्ही दोघी बाजारात बसायच्या बंद झालो. दारात येणाऱ्या प्रत्येकाला ती आधी हात धुवायला लावायची.

मी मात्र गप्प बसणारी नव्हते. तिला न विचारता अलिबागेला निरोप धाडला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर टांग्यातून आले. उंच, किडकिडीत माणूस, बोलणं तुटक. त्यांनी पाय बघितला, जांघेत बोटांनी दाबून बघितलं, आणि खिशातून थुंकी लावली की जांभळी उमटते ती पेन्सिल काढली. पेन्सिल पाण्यात बुडवून त्यांनी लालीच्या कडेकडेनं पायाभोवती रेघ ओढली. गुडघ्याच्या चार बोटं खाली होती ती.

"ही रेघ पुसायची नाही," ते मला म्हणाले. "लाल रंग हिच्या आत राहिला तर माणूस घरीच बरा होईल. रेघ ओलांडून गुडघ्यावर चढला, तर रेवसला न्या, लाँचनं मुंबई. तिथं पाय कापतील, पण जीव वाचेल."

"आणि मांडीवर गेला तर?"

त्यांनी ह्यांच्याकडं बघितलं, मग मला दाराबाहेर बोलावून हळूच म्हणाले, "मग नेऊ नका. होडीत हाल होतील फुकटचे."

मी तशीच खांबाला धरून उभी राहिले. ह्यांनी आतून विचारलं, "काय म्हणाले गं?" आणि मी म्हणाले, "पेज द्या म्हणाले." दुसरं काय सांगणार?

जाताना त्यांनी पांढऱ्या चिनी मातीची डबी दिली. आत काळंकुट्ट मलम, डांबरासारखं चिकट. झाकण काढलं तर दिवाळीत फटाके वाजवून झाल्यावर अंगणात राहतो तसा जळक्या गंधकाचा वास, त्यात डांबराचा. डबीवर इंग्रजी अक्षरं होती. मी विचारलं तर डॉक्टर म्हणाले, "इक्थिऑल." मला ते नाव नीट म्हणताही येईना, म्हणून आम्ही काळं मलम म्हणायला लागलो. रेघेच्या बाहेर दोन बोटं जाईल असं लावायचं, वर कापूस, वर स्वच्छ फडकं. सासूनं डबी हुंगली, नाक मुरडलं, पण काही बोलली नाही. बुडत्याला काडीचा आधार.

मलम लावल्यापासून मी दर थोड्या वेळानं फडकं उचलून रेघ बघायची. लाली रेघेपाशी आली आणि थांबली. संध्याकाळी तिथंच. सकाळी तिथंच. ह्यांचा ताप उतरला नव्हता, पण दात वाजायचे थांबले होते. त्या दिवशी हे पहिल्यांदा मला चिडवत म्हणाले, "माज्या पायावर रेघा मारून त्याचा नकाशा केलास काय?" मी तोंड फिरवून रडले. सासूनं पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

आणि नेमका तेव्हाच एक शेजारी आला. ह्यांचा लहानपणापासूनचा मित्र, मोहल्ल्यातला, मोठ्या आगबोटींवर खलाशी. वर्ष-वर्ष समुद्रावर असायचा. माणूस सोन्यासारखा, पण जिभेला हाड नाही. आल्या आल्या हात धुतले, ह्यांच्या उशाशी बसला, दुवा मागितली. मग त्याची नजर डबीवर गेली.

"अरे भाबी! ही चीज तुमच्याकडं? आमच्या बोटीवरच्या दाक्तरकडं हीच होती. माज्या पाठीवर गळू झालं तर हेच लावलं, शिफा झाली, साफ बरा झालो." त्यानं डबी उजेडात धरून अक्षरं वाचली. "नावाचा मतलब म्हायती हाय काय? तो साहेब आम्हाला सांगायचा. यूनानी जबानीत इक्थिस म्हंजे मच्छी. आणि ओल म्हंजे तेल. मच्छीचं तेल! खुदाची कुदरत बघा, शिंगाळ्यानं मारला आणि मच्छीनंच तारला. काट्यानं काटा काढायचा म्हंतात ना, तो ह्योच!"

तो हसत होता. मी मागं वळून बघितलं. सासू दारात उभी होती, हातात पाण्याची कळशी. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता.

"मासळीचा?" ती म्हणाली.

"व्हय मावशी, असली मच्छीचा! म्हणून तर गुण—"

तिनं कळशी खाली ठेवली. ओरडली नाही, हे मला जास्त वाईट वाटलं. ती एरवी एवढ्या-तेवढ्याला ओरडणारी. तिनं चुलीवरचं कढत पाणी घेतलं, त्यात कडुलिंबाचा पाला टाकला, ह्यांच्या पायावरचं फडकं सोडलं आणि मलम पुसायला लागली. मी तिचा हात धरला. "आई, काय करतेस? रेघ थांबलीय, बघ ना!"

"सोड."

"दाक्तरनं दिलंय!"

"दाक्तरनं नवस बोलला काय? म्या बोलले. वासालाबी न्हाय म्हनाले. आणि आता मासळीचा तेल पोराच्या अंगावर चोपडून बसले म्या, दोन दिस! सोड हात."

खलाशी बिचारा पांढराफटक पडला. "मावशी, म्या फक्त नावाचा मतलब सांगितला," असं म्हणत तो मागं मागं गेला. मी त्याला मनातल्या मनात नाही नाही त्या शिव्या दिल्या. मेल्या, तुला कुणी विचारलं होतं का? वर्षानं येतोस आणि घराला आग लावून जातोस.

तुम्ही म्हणाल, तू शिकलेली, तू का नाही परत मलम लावलंस? सरळ सांगते, मलाही भीती वाटत होती. चौथीच्या पुस्तकात सूर्य-चंद्राचं ग्रहण शिकले होते मी, पण गावदेवीचं काही नव्हतं त्यात. "आली तर मग तू हाय आणि तो हाय" हे शब्द मी माझ्या कानांनी ऐकले होते. माझ्या डोळ्यांसमोर दोनच चित्रं यायची. एक, मलम लावलं आणि देवीनं त्यांना नेलं. दुसरं, मलम नाही लावलं आणि धावऱ्यानं नेलं. इकडं आड तिकडं विहीर. मध्ये मी, हातात ती डबी धरून.

डबी सासूनं घराबाहेर, वळचणीला नेऊन ठेवायला लावली.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी ह्यांच्या पायावरचं फडकं उचललं. जांभळी रेघ दिसत होती, आणि लाली रेघेच्या पलीकडं. नखभर नाही, चांगली दोन बोटं. गुडघ्याची वाटी खालच्या बाजूनं गुलाबी झालेली. हे बरळायला लागले होते, होडी उलटली, बाबा पाण्यात आहे, दोर टाका. त्यांचा बाप ते लहान असताना गेला, त्यांना तो आठवतही नव्हता. सासू कोपऱ्यात बसून गावदेवीचं नाव पुटपुटत होती, आणि तिचे ओठ सोडून बाकी काहीच हलत नव्हतं.

मी पदर खोचला. "आई, मी अलिबागेला जाते."

"कशाला?"

"त्या मलमात खरंच मासळी आहे का ते विचारायला."

तिनं वर बघितलं. एवढं एकच वाक्य आमच्या दोघींच्या मनात एकाच वेळी होतं, हे मला तिच्या डोळ्यांत दिसलं. "जा," ती म्हणाली. "पन खोटं घेऊन येऊ नको."

ओहोटी होती म्हणून मी किनाऱ्याकिनाऱ्यानं गेले. ओल्या वाळूत पाय पटापट पडतात. डोक्यात एकच विचार, मी पोचेपर्यंत कड कुठवर गेली असेल. वाटेत सारखं वाटायचं की मागून कुणी हाक मारतंय, परत फीर, झालं सगळं. मी एकदाही मागं बघितलं नाही.

डॉक्टरांच्या ओट्यावर रोगी बसले होते, मी कुणाला जुमानलं नाही, सरळ आत घुसले. घडलं ते सांगितलं. मला वाटलं होतं ते हसतील, नाहीतर चिडतील. ते दोन्ही झालं नाही. खुर्चीत मागं टेकून त्यांनी विचारलं, "नावाचा अर्थ तुम्हाला कुणी सांगितला?"

"खलाशानं. खोटं आहे का?"

"नाही. अर्थ खरा आहे. मासा आणि तेल."

मी भिंतीला टेकले.

"पण नीट ऐका," ते म्हणाले. "युरोपात उंच डोंगर आहेत, बर्फाचे. तिथं एक काळा दगड मिळतो, विस्तवावर टाकला तर जळतो. फोडला की आत माशांचे ठसे दिसतात. काटा, शेपूट, खवले, सगळं उमटलेलं. तो दगड भट्टीत तापवला की तेल ठिबकतं. तिथले शेतकरी ते गुरांच्या जखमांना लावायचे. मग एका माणसानं त्या तेलावर गंधकाच्या तेजाबाची प्रक्रिया केली आणि हे औषध झालं. वास येतो तो गंधकाचा. दगडात माशांचे ठसे होते, म्हणून नाव देताना त्यानं मासा घातला. त्याची समजूत अशी, की त्या माशांच्याच देहाचं तेल दगडात मुरलं असावं."

"मुरलंय का?"

त्यांनी खांदे उडवले. "असेलही. कुणाला ठाऊक? माणसं पृथ्वीवर यायच्या कितीतरी आधीचे मासे ते."

मी कोळीण. मला पहिला प्रश्न तोच सुचला. "डोंगरात मासे कुठून आले?"

"तिथं एके काळी समुद्र होता. आटला. त्याच्या तळाचा डोंगर झाला."

हे ऐकून मी आणखीनच घाबरले. आजपर्यंत मला एवढंच माहीत होतं की दर्या माणसं गिळतो. दर्याच मरतो, हे कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या दारासमोरचा एवढा मोठा दर्या कधीतरी आटेल आणि त्यातले मासे दगडात अडकून बसतील, हे डोळ्यांसमोर आलं आणि गरगरल्यासारखं झालं. डॉक्टर म्हणत होते, "सासूला सांगा दगडाचं तेल आहे म्हणून. खोटं नाही ते." आणि मी मान हलवली.

परत येताना मी तेच घोकत होते. दगडाचं तेल, दगडाचं तेल. अर्धंच सांगायचं, पुढचं गिळायचं. डॉक्टरसारखा माणूस म्हणतो खोटं नाही, मग नाही.

घरात शिरले तर सासू ह्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली. मी पाय बघितला. गुडघा पूर्ण लाल, सुजून गोल. रेवसला न्यायचं तर सकाळीच न्यायला हवं होतं, आता लाँच सुटून गेली होती.

"काय म्हनाला?"

"दगडाचं तेल आहे, आई. डोंगरातला दगड. भट्टीत घालून काढतात."

ती माझ्याकडं बघत राहिली. बाजारात गिऱ्हाईक खोटं बोलतंय की खरं हे तिला चेहऱ्यावरून कळायचं. तिनं माझा हात धरला आणि ह्यांच्या कपाळावर ठेवला. कपाळ भाजत होतं.

"ह्याच्या डोक्यावर हात ठेवून सांग. मासळी हाय का न्हाय?"

देवा! मी तो हात काढूही शकत नव्हते आणि ठेवूही शकत नव्हते. नाही म्हणाले आणि असली तर? हो म्हणाले तर हिनं मलमाला हात लावू दिला नसता, आणि हे संध्याकाळ बघणार नव्हते. माझे दात वाजायला लागले, मला ताप नसताना. हे डोळे मिटून बरळत होते, दोर टाका, दोर टाका. मला खोटं बोलता आलं नाही. त्या कपाळावर हात ठेवून कुणालाही आलं नसतं.

"हाय," मी म्हणाले, आणि सगळं सांगितलं. दगडातले ठसे, खवले, आटलेला समुद्र. "माणूस नव्हता तेव्हाचे मासे आहेत, आई. त्यांचं तेल आहे की नाही ते दाक्तरलाही ठाऊक नाही. पण नाव त्यांचंच आहे." आणि मग मी हुंदके देऊन रडायला लागले. मला वाटलं, मीच मारलं ह्यांना.

सासूनं ह्यांच्या कपाळावरून हात फिरवला. मग तिनं विचारलं, "त्यांना जाळ्यात कुनी धरलं व्हतं?"

"नाही. कोण धरणार? माणसंच नव्हती."

"दर्या आटला म्हनून मेले."

"हो."

"बिचारे," ती म्हणाली. खरंच म्हणाली. मग तिनं ह्यांचं डोकं हळूच उशीवर ठेवलं, उठली, वळचणीची डबी आत आणली. उंबऱ्यावर क्षणभर थांबली, पण आणली. मी हात पुढं केला तर तिनं डबी मागं घेतली.

"तू भाईर हो."

"मी लावते, आई. मला ठाऊक आहे कसं लावायचं."

"भाईर हो म्हनते ना! तुजा हात नको लागाया. तुला पोरं व्हायची हायेत आजून."

मी बाहेर गेले आणि दाराच्या फटीतून बघत राहिले. तिनं पदर खांद्यावरून घेतला. दोन बोटं मलमात बुडवली, आणि ह्यांच्या गुडघ्यावर, पोटरीवर, घोट्यावर लावत गेली, आणि सगळा वेळ बोलत होती. देवळाच्या दिशेला तोंड करून, शेजारणीशी भांडावं तशा आवाजात. "बघितलंस? म्या लावलं. शबूद म्या दिला व्हता, म्या मोडला. पोराला ठावं न्हाय, तो शुद्धीत न्हाय. सूनबी भाईर हाय. त्या दोघांच्या वाटंला जाऊ नको. पायच पायजे तर माजा घे. जीव पायजे तर माजा घे. म्या हितंच हाय, कुटं जात न्हाय."

एवढं सगळं लावून झाल्यावर तिनं ते काळे हात धुतले नाहीत. तसेच मांडीवर पालथे ठेवून बसली.

लाली मांडीवर चढली नाही. दुसऱ्या दिवशी गुडघ्यापाशी अडकली, मग फिकी पडली, मग पायाची साल सुटायला लागली आणि ह्यांनी भात मागितला. डॉक्टर आले तेव्हा मी त्यांना म्हणाले, तुमच्या मलमानं वाचवलं. तर ते म्हणतात, "मलमानं म्हणा, नाहीतर उतरायचंच होतं म्हणा. खात्रीनं सांगता येत नाही." असा राग आला मला! आमचा इथं जीव गेला, आणि डॉक्टरांना खात्री नाही म्हणे.

हे काठी टेकत अंगणात आले त्या दिवशी मी सुटकेचा निःश्वास टाकला. सासूनं टाकला नाही. ती वाट बघत होती.

मला ते आधी कळलंच नाही. तिनं मासळी खायला सुरुवात केली नाही, मी म्हटलं असेल काही व्रत. तिनं मला बाजारात आपल्या जागेवर बसवलं, कुठलं गिऱ्हाईक उधारी बुडवतं, कुठल्या बाईशी भांडायचं नाही, सगळं समजावलं. पेटीची चावी माझ्या कमरेला खोचली. रोज धुतलेलं लुगडं नेसायची. मला वाटलं, म्हातारी सुधारली. मग एका सकाळी ती ओट्यावर बसली, पाय लांब केले, लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं आणि मला हाक मारली.

"ये गं. बघ. लाल दिसतंय का?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. तिनं कबूल केलेलं देणं देवी कधी वसूल करते, त्याची ती रोज वाट बघत होती. मी खाली बसून तिचे पाय बघितले. घोटा, पोटरी, गुडघा. वर्षानुवर्षं वाळू तुडवून भेगाळलेले, काळे, हडकुळे पाय.

"काय न्हाय, आई."

"नीट बघ."

"नीट बघितलं. काय न्हाय."

त्यानंतर ते रोजचंच झालं. हे पुन्हा होडीवर जायला लागले, मला मुलगा झाला, मग मुलगी. आमच्या ह्यांना यातलं काही कधी सांगितलं नाही, तिनंच शपथ घातली होती. रोज सकाळी हे खाडीवर गेले की सासू ओट्यावर पाय पसरायची. पावसाळ्यात डास चावून एखादा लाल ठिपका दिसला की तिचा श्वास अडकायचा, आणि माझाही. मी भोवती बोट फिरवून बघायची, गरम लागतंय का, कड आहे का. एकदा मी चिडून म्हणाले, "आई, पुरे कर आता. विसरली देवी." तर म्हणाली, "ती इसरंल. पन तुज्या पोरांची आटवन काडली तर? म्या ध्यानात ठेवलेलं बरं." पुढं मी चिडले नाही. माझ्या पोरांवर यायचं ते आपल्यावर यावं म्हणून एक बाई रोज सकाळी पाय पुढं करून बसत होती, आणि आम्ही दोघी दिवसभर भांडत होतो तशाच भांडत होतो.

लढाई सुरू व्हायच्या आदल्या वर्षी ती गेली. म्हातारपणाचा खोकला, दुसरं काही नाही. दोन दिवस अंथरुणात पडली, तेवढंच. आमच्या आळीतल्या बाया अंघोळ घालायला आल्या. कुणी डोक्याकडं, कुणी हातांकडं, आणि पाय माझ्याकडं आले. मी पाणी ओतलं, आणि हात आपोआप फिरले. घोटा, पोटरी, गुडघा.

"काय न्हाय, आई," मी म्हणाले, आणि बाया हातातलं पाणी धरून माझ्याकडं बघत राहिल्या.